वैद्यकीय संशोधनात मेंटॉर का लागतो? माहूरच्या विद्यार्थ्याने कुठून सुरुवात करायची?

माहूर हा नांदेड जिल्ह्यातला डोंगराळ तालुका. रेणुकामातेमुळे तो राज्यभर माहीत आहे. इथल्या एखाद्या मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला, तर तिच्या ओळखीत एखादा डॉक्टर असतो. संशोधक मात्र सहसा नसतो. विंचूदंश, गरोदर बायांमधला रक्तक्षय हे सगळं तिने जवळून पाहिलेलं असतं. पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा तयार करायचा, हे सांगणारं कुणीतरी लागतं. तोच मेंटॉर.

गाइड आणि मेंटॉर एकच का?

नाही. गाइड प्रबंध तपासतो, त्यावर सही करतो. मेंटॉर त्यापलीकडे जातो. प्रश्न नेमका करणं, किती रुग्ण तपासायचे हे ठरवणं, एथिक्स कमिटीची परवानगी, शोधनिबंध नाकारला गेला तर पुढे काय करायचं आणि पुढची संधी कुठे आहे, हे सगळं तो दाखवतो. दोन्ही कामं एकाच व्यक्तीने केली तर उत्तमच.

महाराष्ट्रातलं उदाहरण कोणतं?

पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये डॉ. व. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. खानोलकरांनीच त्यांना परदेशी फेलोशिपसाठी प्रोत्साहन दिलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे शिकून त्या परतल्या आणि मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. गुरूकडून मिळालेला आधार त्यांनी असा पुढच्या पिढीला दिला.

खेड्यातल्या प्रश्नाला किंमत असते का?

असते. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगडमधल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांचं बारकाईने निरीक्षण केलं. ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. प्राझोसिन या औषधाच्या वापरामुळे अनेकांचा जीव वाचला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सुरुवात कशी करायची?

आयसीएमआर १९७९ पासून 'शॉर्ट टर्म स्टुडंटशिप' म्हणजे एसटीएस ही योजना चालवते. एमबीबीएस आणि बीडीएसचे विद्यार्थी यात दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करू शकतात. त्यासाठी आपल्याच कॉलेजमधला गाइड शोधावा लागतो. एक गाइड एकाच विद्यार्थ्याला घेऊ शकतो, त्यामुळे लवकर विचारणं महत्त्वाचं. प्रकल्पाचा अहवाल मंजूर झाल्यावर प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांसाठी संशोधनाची ही सोपी पहिली पायरी आहे.

आधी काय विचारून घ्यावं?

आठवड्यातून किती वेळ भेटता येईल? आकडेवारी कोण तपासणार? आणि शोधनिबंधावर नावं कोणत्या क्रमाने येणार? शेवटचा प्रश्न विचारताना नवखे विद्यार्थी संकोचतात. पण वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष स्पष्ट आहेत: केवळ विभागप्रमुख आहे किंवा वरवरची देखरेख केली, एवढ्याने कुणी लेखक ठरत नाही. काम करणाऱ्याचं नाव सुटता कामा नये. चांगल्या मेंटॉरला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट, तो स्वतःच हा विषय आधी काढतो.