सुपारी आणि मुखकर्करोग : टाळता येण्याजोगा आजार

जेवणानंतर सुपारी पुढे करणे हा भारतातील अनेक प्रांतांत पाहुणचाराचा भाग मानला जातो. आसामात पाहुण्याचे स्वागत तामोल-पान देऊन केले जाते, मेघालयात क्वाय दिले जाते. कोकणात श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. तंबाखू घातक आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. मात्र, ‘आपण तंबाखू खात नाही, नुसती सुपारी चघळतो’ असे समाधान मानणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. हे समाधान निराधार आहे. तंबाखूचा अंशही नसलेली सुपारी मुखकर्करोगास कारणीभूत ठरते, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे.

संशोधन काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष काढला होता. तंबाखूविरहित विड्याविषयीचा पुरावा त्या वेळी अपुरा होता. पुढे तैवानसारख्या, विड्यात सहसा तंबाखू न घालणाऱ्या प्रदेशांतूनही पुरावा उपलब्ध झाला. त्याच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तंबाखूविरहित विडा आणि सुपारी या दोहोंचा समावेश मानवामध्ये कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात करण्यात आला. तंबाखूचा धूरही याच गटात मोडतो.

याच संस्थेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये जगभरात आढळलेल्या मुखकर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे १ लाख २० हजार, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश रुग्णांचा आजार धूरविरहित तंबाखू किंवा सुपारीमुळे उद्भवला होता. त्यांपैकी सुमारे ८३ हजार रुग्ण एकट्या भारतातील होते.

सुपारी अपाय कशी करते?

सुपारीत अरेकोलीन हे अल्कलॉइड असते. त्यामुळे चघळणाऱ्यास किंचित तरतरी येते आणि हळूहळू सवय जडते. सुपारीतील अल्कलॉइडांपासून तोंडात नायट्रोसॅमाइन नावाची कर्करोगकारक संयुगे तयार होऊ शकतात. विड्यातील चुन्यामुळे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे क्रियाशील घटक निर्माण होतात. सुपारीचे कठीण तुकडे गालाच्या आतील नाजूक त्वचेला सतत घासतात, ते वेगळेच. सुपारीबरोबर तंबाखूही असल्यास धोका आणखी वाढतो. विदर्भातील खर्रा, इतरत्र मिळणारा मावा आणि गुटखा हे सर्व पदार्थ या वर्गात येतात.

तोंड आखडणे : धोक्याची घंटा

सुपारीमुळे होणाऱ्या एका विशिष्ट विकारात गालाच्या आतील अस्तराखाली तंतुमय पट्टे तयार होतात. अस्तर पांढुरके व ताठर होते, तिखट पदार्थांनी तोंडाची आग होते आणि तोंड उघडणे उत्तरोत्तर कठीण होत जाते. वैद्यकीय परिभाषेत यास ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये आढळलेल्या या विकाराचे वर्णन १९५२ मध्ये करण्यात आले आणि १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्णांची नोंद केली. हा विकार कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला असता त्यांच्यापैकी ७.६ टक्के रुग्णांना कर्करोग झाल्याचे आढळले. आखडलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही. म्हणूनच सुरुवातीलाच सुपारी थांबविणे अत्यावश्यक ठरते.

स्वतःची तपासणी

महिन्यातून एकदा दात घासल्यानंतर आरशासमोर, भरपूर उजेडात तोंडाची तपासणी करावी. गाल, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा व जिभेखालचा भाग नीट पाहावा. पुढील लक्षणे दिसल्यास दंतवैद्य किंवा डॉक्टरांना दाखवावे :

- दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण
- पांढरा किंवा लाल चट्टा
- गालात किंवा मानेत गाठ
- गिळताना त्रास, जिभेची हालचाल मंदावणे
- विनाकारण दात हलणे किंवा रक्त येणे

आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती जात नसल्यास तोंड आखडू लागले असण्याची शक्यता असते. सुरुवातीच्या अवस्थेत मुखकर्करोग सहसा दुखत नाही. त्यामुळे वेदनेची वाट पाहू नये.

तपासणीचा लाभ भारतातच दिसून आला आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन तोंडाची तपासणी केली. पंधरा वर्षांनंतर, तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० वर्षांवरील व्यक्तींची दर पाच वर्षांनी मुखतपासणी करण्याची तरतूद आहे.

सवय सोडताना

सुपारी सोडल्यास धोका कमी होतो. सोडण्याचा दिवस निश्चित करून घरच्यांना तसे सांगावे. घरातील व खिशातील पुड्या काढून टाकाव्यात. पहिल्या काही दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, डोकेदुखी जाणवू शकते. ती हळूहळू ओसरते. जेवणानंतर बडीशेप, ओवा, भाजलेले तीळ किंवा धनाडाळ घ्यावी. तंबाखू सोडून सुगंधी सुपारीकडे किंवा पानमसाल्याकडे वळणे म्हणजे एक धोका सोडून दुसरा पत्करणे होय. तंबाखूचीही सवय असल्यास १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.

मुलांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. गोड चवीच्या सुपारीच्या स्वस्त पुड्या मुलांना खाऊसारख्या वाटतात आणि सवयीचा प्रारंभ बहुधा तेथूनच होतो. अशा पुड्यांवर सुपारी चघळणे आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. तो पालकांनी वाचावा आणि मुलांनाही वाचून दाखवावा. पूजेच्या तबकातील सुपारीने कोणाचेही नुकसान होत नाही. धोका आहे तो ती चघळण्यात, आणि तो टाळणे प्रत्येकाच्या हाती आहे.