पन्हळ, पागोळी आणि टाके

घराच्या छपरावरील पाऊसपाणी साठविणे ही आपली जुनीच चाल होय, असे विधान अलीकडे वारंवार केले जाते. मराठवाड्यापुरते पाहता शब्दांची साक्ष त्यास फारशी अनुकूल नाही. पाणी घरावरून उतरवून देण्यासंबंधीचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत : पन्हळ, पागोळी, वळचण. वळचणीचे पाणी आढ्याला जाणे ही तर म्हणीतही उफराटी गोष्ट मानली आहे. उलट, छपराचे पाणी घरी साठविण्याच्या सोयीस रूढ असा स्वतंत्र शब्द मला आढळलेला नाही. ‘पाऊसपाणी संकलन’ हा शासकीय लेखनातील अर्वाचीन समास आहे.

शब्दाचा अभाव म्हणजे वस्तूचा अभाव नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु येथे वस्तूच शब्दाची बाजू घेते. सिद्धेश्वरच्या परिसरात, किंबहुना मराठवाड्यात सर्वत्र, जुने घर म्हणजे माळवद : तुळया, त्यांवर फळ्या वा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. (गावठाणास ‘पांढरी’ म्हणतात ते याच मातीवरून.) असल्या धाब्यावरून येणारे पाणी गढूळ असावयाचे. शिवाय ते मुरले तर घर गळते. म्हणून पन्हळीचे काम एकच : पाणी भिंतीपासून दूर फेकणे. पिण्याचे पाणी आड, बारव आणि नदी यांचे.

पाऊस साठविण्याची परंपरा महाराष्ट्रात नव्हती असे मात्र नव्हे. कान्हेरीच्या प्राकृत लेखांत पाण्याच्या टाक्यांस ‘पोढि’ म्हटले असून, तेथे डोंगराच्या उघड्या खडकावरील पाणी कोरीव चरांनी टाक्यांत आणलेले दिसते. गडांवरील टाकीही खडकाचीच. राजस्थानी ‘टांका’ मात्र घराच्या छताशी व अंगणाशी जोडलेला असतो. भेद पर्जन्याचा जितका, तितकाच पाणी झेलणाऱ्या पृष्ठाचा आहे.

हे पृष्ठ आता पालटले आहे. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण १९६८ साली पूर्ण झाले व कालव्यांनी पाणी दूरच्या शिवारांत गेले. त्यानंतरच्या काळात माळवदांची जागा पत्रे व सिमेंटची गच्ची यांनी घेतली. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरला, तर ५० चौरस मीटरांच्या गच्चीवर ४०,००० लिटर पडते. पंचमांश वाया गेले तरी ३२,००० लिटर उरते. पहिल्या सरींचे पाणी धुळीसह सोडून द्यावे लागते. पन्हळीचे जुने काम तेवढ्यापुरतेच शिल्लक राहते.