कुंपणानं खाल्लेलं शेत

मागच्या जूनमध्ये साताऱ्यातल्या एका रोपवाटिकेत गेलो होतो. घरापुढची गंजलेली जाळी काढून तिथं हिरवं कुंपण करायचं, असं घरात ठरलं होतं. तिथल्या मुलानं ड्युरांटाच्या पिवळसर पानांच्या पिशव्यांची रांग दाखवली आणि एका दमात तीन गुण सांगितले. पाणी कमी लागतं, शेळ्या-गुरं तोंड लावत नाहीत, आणि भराभर वाढतं. मी काहीच न घेता परतलो. मुलाचं काही चुकलं नव्हतं. पण सातारा-सांगलीकडच्या कुंपणांची माहिती गोळा करत असताना नेमके हेच तीन गुण माझ्यासमोर वारंवार येत होते, आणि ते ज्या झाडाचे होते त्या झाडानं पुढं काय केलं, तेही मला ठाऊक होतं.

सुरुवात एका शब्दापासून करतो. कुंपणाला मराठीत 'वई' असा जुना शब्द आहे. आज तो बोलण्यातून जवळजवळ गेला, पण एका झाडाच्या नावात टिकला आहे : वई निवडुंग. चिकाचं, जाडसर पानांचं हे झाड मुख्यतः कुंपणासाठीच लावलं जाई, म्हणून त्याचं नावही तसंच पडलं. पुढं अमेरिका खंडातून दुसरंच एक काटेरी झाड आलं. दोघांचं कूळ वेगळं, फूल वेगळं. एकात पांढरा चीक, दुसऱ्यात पाणी. पण दोघांचं काम एक, म्हणून आपल्या लोकांनी पाहुण्यालाही निवडुंगच म्हटलं. नागाच्या फणीसारख्या त्याच्या चपट्या पेरांमुळं फक्त 'फड्या' हे विशेषण पुढं जोडलं. झाड कोणत्या देशाचं, याच्याशी शेतकऱ्याला कर्तव्य नव्हतं. ते वईला चालतं का, एवढंच तो पाहत होता.

आणि ते उत्तम चालत होतं. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथं बाभळी-बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं की वाळवी लागते आणि दरवर्षी नव्यानं काट्या तोडाव्या लागतात. फड्या निवडुंगाचं एक पेर मातीवर टाकलं की ते मूळ धरतं. त्याला ना पाणी, ना राखण. आफ्रिकेतून आलेल्या शेरानंही याच गुणांवर आपल्या बांधांवर जागा मिळवली. शेराच्या चिकाला माणसंही बिचकतात, मग गुरांचं काय!

फक्त एक गोष्ट लावणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती. जे झाड पाण्यावाचून जगतं, ज्याला जनावर खात नाही आणि जे भराभर वाढतं, ते कुंपणापाशी थांबेल कशाला? फड्या निवडुंग बांधावरून पडीक जमिनीत, पडीकातून गायरानात आणि गायरानातून गावठाणाच्या कडेपर्यंत पोचला. गावांभोवती त्याची दाट बेटं झाली. साप-विंचू तिथंच आणि आडोशाला बसणारी माणसंही तिथंच. गावाच्या स्वच्छतेचा विषय निघाला की निवडुंग काढण्याचा विषय आपोआप निघे. दुष्काळात त्याचेच काटे भाजून जनावरांना चारण्याची वेळ आली, एवढीच काय ती त्याची परतफेड.

या काळाची सर्वांत ओळखीची खूण आज सांगली जिल्ह्यात आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन त्यांना देऊ केली. ती निवडुंगानं आणि सापांनी भरलेली माळजमीन होती. कारखान्याचा पाया खणण्याआधी तिथं निवडुंग खणावा लागला. पुढं त्याच जागी कामगारांची घरं, रस्ते आणि बागा झाल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राचं नाव 'कॅक्टस अँड रोझेस' ठेवलं. अनेकांना ती नुसती प्रतिमा वाटते. किर्लोस्करवाडीपुरता तरी तो जमिनीचा सरळ इतिहास आहे.

मग हा निवडुंग गेला कुठं? माझी आजी तासगाव तालुक्यातली. ती सांगायची, 'निवडुंगाला पांढरी कीड पडली आणि गाव उघडं पडलं.' बरीच वर्षं मला ही तिची कल्पना वाटायची. पण गोष्ट खरी आहे आणि तिची सुरुवात एका फसगतीतून झाली. किरमिजी रंग देणारा किडा निवडुंगावर जगतो. त्या रंगाच्या व्यापारासाठी १७९५ साली कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलहून तो किडा कलकत्त्याला आणला. तो निघाला भलत्याच जातीचा. रंग जेमतेम मिळाला, पण निवडुंगाची एक जात त्यानं खाऊन टाकली. हा धडा लक्षात ठेवून १९२६ च्या सुमारास सिलोनहून याच कुळातली दुसरी जात दक्षिण भारतात आणली गेली. पुढच्या काही वर्षांत दख्खनमधली बेटंही वाळली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात सुमारे ६ कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. तीही अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी मोकळी केली. तिथंही निवडुंग कुंपणासाठी लावला गेला होता.

निवडुंग गरजेपोटी आला. घाणेरीची गोष्ट वेगळी आहे, ती हौसेपोटी आली. घाणेरीलाच आपल्याकडं टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेचं झुडूप म्हणून आली. पिवळी, केशरी, गुलाबी फुलं एकाच गुच्छात. बंगल्याच्या कडेला याहून देखणं काय असणार?

आपल्याकडं बंगला आणि त्याचं 'कंपाउंड' ही जोडी याच शतकात रुजली. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा इंग्रजांना दिली आणि गव्हर्नर माल्कम यांच्या नावानं तिथं मालकमपेठ वसली. पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग होती, तीही त्याच सुमाराची. पुढं तिचे प्रमुख झालेले अलेक्झांडर गिब्सन यांनी डालझेल यांच्यासोबत १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ छापला. त्यात बाहेरून आलेल्या आणि इथं रुजलेल्या झाडांसाठी वेगळी पुरवणी जोडावी लागली. एवढे पाहुणे तोवर जमले होते.

वई आणि बंगल्याचं कुंपण यांत मूळ फरक उद्देशाचा होता. वई गुरांसाठी होती, तिच्याकडं कुणी कौतुकानं पाहत नसे. बंगल्याचं कुंपण पाहण्यासाठी होतं. त्याची धार सरळ हवी, उंची सारखी हवी आणि ते कात्रीला मानणारं हवं. यातूनच मेंदी, कोयनेल, ड्युरांटा अशी झाडं संस्थानी वाड्यांपासून सरकारी कचेऱ्या आणि शाळांपर्यंत पोचली. घाणेरी मात्र कात्रीला मानली नाही. तिची काळी फळं बुलबुल खातात आणि बी डोंगरावर टाकतात. आज सज्जनगडाच्या उतारावर किंवा महाबळेश्वरच्या वाटेवर ती कुणी मुद्दाम लावलेली नाही. तिच्यावरही किडे सोडून पाहिले गेले, पण निवडुंगासारखं यश आलं नाही. तिच्याखाली गवत नीट वाढत नाही आणि तिची पानं गुरांना बाधतात.

'कुंपणच शेत खातं' ही म्हण आपण राखणदारानं केलेल्या चोरीसाठी वापरतो. मला आता ती आधी शब्दशः ऐकू येते. आजोळी आमच्या वावरात आणि शेजाऱ्याच्या वावरात शेराचं कुंपण होतं. शेर दोन्हीकडं पसरला आणि कडेच्या दोन सऱ्या पिकेनाशा झाल्या. मग बांध नेमका कुठून, यावरून दोन घरांत वीस वर्षं बोलणं बंद होतं. ज्या झाडानं हद्द राखायची, त्यानंच ती पुसली होती.

तर मग लावायचं काय? सोडवणूक आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे, असं मला वाटतं. सह्याद्रीच्या बाजूला करवंद आणि कुंती. कुंतीची पांढरी फुलं रात्री वास देतात आणि ती कात्रीही सोसते. आटपाडी-जतकडच्या कोरड्या भागात पिवळ्या फुलांचं तरवड, तेही शेळ्या सहसा खात नाहीत. अडुळसा आणि निर्गुडी तर दोन्हीकडं. कोयनेल आपल्याच समुद्रकाठचं झुडूप आहे. ही झाडंही चिवट आहेत, यांतल्या काहींना जनावरं टाळतात. पण इथल्या किड्यांना, पाखरांना, मातीला ती जुनी माहीत आहेत. त्यांना कुठं थांबवायचं हे इथल्या निसर्गाला ठाऊक आहे. पाहुण्या झाडाला थांबवणारं बहुधा त्याच्या मूळ देशातच राहिलेलं असतं. निवडुंगाचा किडा आणायला सव्वाशे वर्षांत दोनदा समुद्र ओलांडावा लागला, तो त्यामुळंच.

याचा अर्थ परदेशी झाड लावूच नये असा नाही. आपली मिरची, पेरू, सीताफळ हे सगळे पाहुणेच. फक्त कुंपणाचं झाड निवडताना आपण नेमकं न थांबणारं झाड निवडतो, म्हणून तिथं अधिक सावध राहायला हवं. रोपवाटिकेत तीन गुण ऐकले की चौथा प्रश्न विचारावा : याचं बी कोण खातं, आणि ते कुठं नेऊन टाकतं? ड्युरांटाची पिवळी फळंही पाखरं खातात, आणि ऑस्ट्रेलियात त्याची गणना तणात होऊ लागली आहे.

मी शेवटी कुंती आणि अडुळसा लावला, मध्ये चार करवंदं. अडुळसा लागला. कुंती हळू वाढते आहे. दीड वर्षानंतरही ती गुडघ्याएवढीच आहे आणि शेजारचं कुत्रं त्यातून खुशाल ये-जा करतं. घरात त्यावरून बोलणी खातो. पण जे कुंपण सावकाश वाढतं, ते निदान माझ्या हद्दीत तरी राहील.