घरोघरी पोचलेले सूर : बाबूजींचे गीतरामायण

डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि बदलीने बंगळुरूला आलो, तेव्हा सामान कमी करताना बरेच काही मागे राहिले. गीतरामायणाच्या कॅसेटचा संच मात्र बरोबर आला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल. हे सूर इतक्या दूरवर कसे पोचले, त्याचा हा थोडक्यात इतिहास.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तेथील अधिकारी सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके, म्हणजे आपले गदिमा आणि बाबूजी, या कार्यासाठी एकत्र आले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या सकाळी, पहिले गीत प्रसारित झाले. वर्षभराची ५२ गीते ठरली होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला सांगता झाली.

रेल्वेचा माणूस म्हणून मला यातले वेळापत्रक फार मोठे वाटते. दर आठवड्याला नवे गीत, नवी चाल, गायकांची तालीम आणि ठरल्या वेळी प्रसारण. पहिल्याच गीताचा कागद बाबूजींकडून हरवला आणि गदिमांना ते पुन्हा लिहावे लागले, अशी हकीकत सांगतात. तरीही गाडी वेळेवर सुटली!

त्या काळी रेडिओ मोजक्याच घरी. शेजारीपाजारी जमत, काही जण रेडिओला हार घालीत. गावे निराळी, घरे निराळी. पण एकाच घटकेला सारे तेच गीत ऐकत. एकमेकांना कधी न पाहिलेल्या माणसांना या सुरांनी एकत्र बसवले.

याचे श्रेय बाबूजींच्या चालींना द्यायला हवे. भूपाळीत सुरू होऊन भैरवीत संपणाऱ्या या मालिकेला रागदारीचा भक्कम पाया आहे, पण शब्द कुठेही सुरांखाली दबत नाही. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी रेडिओवर ही गीते गायिली. पुढे बाबूजींनी स्वतः ठिकठिकाणी गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम केले आणि ध्वनिमुद्रिका व कॅसेटमधून त्यांचा आवाज महाराष्ट्राबाहेरही पोचला. २९ जुलै २००२ रोजी ते गेले.

गीतरामायणाचे हिंदी, गुजराती, बंगाली, तेलुगू, संस्कृत, तसेच कन्नड भाषेतही अनुवाद झाले. आमच्या ऑफिसातील एका कन्नड सहकाऱ्याला मी पहिले गीत ऐकवले, तेव्हा शब्द न कळताही तो म्हणाला, "हा तर आमचा मोहन राग!" खरेच, आपला भूप आणि कर्नाटक संगीतातील मोहन यांचे स्वर तेच.

आपली मुले शाळेत इंग्रजी आणि कन्नड शिकतात. मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. उद्या त्यांना आजीचे पत्र वाचता येईल की नाही, ही काळजी आपल्या सर्वांचीच आहे. गाणे मात्र कानाने शिकता येते, आणि त्यातून शब्द जिभेवर बसतात. म्हणून एक सुचवतो : घरी सर्वांनी मिळून आठवड्याला एक गीत ऐकावे आणि म्हणावे. गदिमा-बाबूजींनी जेवढ्या दिवसांत ते घडवले, साधारण तेवढ्याच दिवसांत ते आपल्या मुलांना येईल.