जांभ्याचा तट आणि हौशी कॅमेरा

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता आरे आणि वारे या दोन गावांमधल्या डोंगराच्या खांद्यावर चढतो, तेव्हा दोन्ही बाजूंची पुळण आणि सुरूची बने एकाच नजरेत येतात, आणि म्हणूनच कॅमेरा घेऊन निघालेल्या प्रवाशाचा तो ठरलेला थांबा झाला आहे. आरे-वारेला स्वतःचा किल्ला नाही. परंतु त्याच्या दक्षिणेला रत्नागिरीचा रत्नदुर्ग आणि उत्तरेला शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड असल्यामुळे या रस्त्याने जाणाऱ्या हौशी छायाचित्रकाराची वाट बहुधा या दोन दुर्गांच्या मधली असते. त्याने टिपलेल्या चित्रांत काही सवयी सहज ओळखू येतात: तट निर्मनुष्य असावा, दरवाजा समोरून घ्यावा, बुरुजाची उंची कळावी म्हणून पायथ्याशी एखादा माणूस उभा करावा. या सवयी त्याच्या वैयक्तिक आवडीतून आलेल्या नाहीत. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या रसायनांनी, कामाच्या गरजांनी आणि मुंबईतल्या हौशी मंडळींनी त्या घडवल्या आहेत.

छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये ऑगस्ट 1839 मध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, 1854 मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनची अशीच संस्था तिच्याहून फक्त एका वर्षाने मोठी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हा छंद हिंदुस्थानात उशिरा आणि उसना आला, असे म्हणता येत नाही. सोसायटीत लष्करी व मुलकी अधिकारी, डॉक्टर आणि व्यापारी होते, तसेच डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते, आणि नारायण दाजींची गणना त्या काळच्या उल्लेखनीय छायाचित्रकारांत होते. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी 1856 ते 1858 या काळात मुंबईतून जी मासिक चित्रमाला काढली, तिच्या शीर्षकातच ती हिंदी हौशी छायाचित्रकारांची असल्याचे नमूद होते. तिच्या अंकांत छापील ठशांऐवजी मूळ छायाचित्रेच चिकटवलेली असत. सरकारी पुरातत्त्व खात्याची छायाचित्रे पुष्कळ नंतरची आहेत. वास्तूंची छायाचित्रे घेणाऱ्यांच्या कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर तो पगारी सर्वेक्षकात सापडत नाही, फावल्या वेळात काचा आणि कागद हाताळणाऱ्या हौशी माणसात सापडतो, आणि ही गोष्ट इतिहासग्रंथांत मिळते त्याहून अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी.

सरकारचे लक्ष या छंदाकडे वळले ते खर्चाच्या हिशोबाने. प्राचीन वास्तूंची नोंद तोवर चित्रकारांकडून होत असे, आणि मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्यात राहून काढलेल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती हे त्या पद्धतीचे सर्वांत कष्टाचे उदाहरण होय. त्यांपैकी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 च्या आगीत जळून गेल्या. छायाचित्र लवकर निघे, स्वस्त पडे आणि एका ऋणप्रतीवरून, म्हणजे प्रकाश-छाया उलटी उमटलेल्या मूळ प्रतीवरून, हव्या तितक्या प्रती काढता येत. म्हणून 1855 मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांतील वास्तूंच्या छायाचित्रणाचे काम दिले आणि ते लष्करात परत गेल्यावर डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे ते सोपवले. एक तोफखान्याचा अधिकारी, दुसरा डॉक्टर: सरकारी म्हणवणारे हे पहिले छायाचित्रकारही मुळात हौशीच होते. त्यांची चित्रे 1866 मध्ये मोठ्या ग्रंथांच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

निर्मनुष्य तटाची सवय या काळातली आहे. बिग्ज यांची कॅलोटाइप पद्धत, म्हणजे रसायन चढवलेल्या कागदावर ऋणप्रत घेण्याची रीत, उघड्या उन्हातही दीर्घ उद्भासन मागे, म्हणजे भिंगावरचे झाकण बराच वेळ काढून ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जो हलला तो चित्रातून पुसला गेला किंवा धुरकट डाग होऊन राहिला. गजबजलेली वास्तूही त्यामुळे ओसाड दिसे, आणि ओसाड वास्तू म्हणजेच प्राचीन वास्तू असा संकेत पाहणाऱ्याच्या मनात रुजला. ज्या माणसाला स्तब्ध उभे राहायला सांगितले तो मात्र स्पष्ट उमटे, आणि मोजमापासाठी त्याचा उपयोग होई. पुढे जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स यांच्या काळातल्या पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणात ही रीत पक्की झाली. सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र टिपणारा आजचा कॅमेरा गर्दीसह किल्ला सहज दाखवू शकतो, तरी छायाचित्रकार पर्यटक बाजूला होण्याची वाट पाहत उभा राहतो, तो याच जुन्या संकेतामुळे.

कोकणच्या बाबतीत रसायनांचा प्रश्न आणखी खोल होता आणि तो येथे थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये जाहीर केलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून ती चांदीच्या क्षारात बुडवावी लागे आणि ती वाळण्याच्या आत, काही मिनिटांतच, चित्र घेऊन धुवावी लागे. म्हणजे काळोखा तंबू, पाणी, बाटल्या आणि हमाल हा सारा संसार गडाच्या माथ्यापर्यंत न्यावा लागे. ही गैरसोय शारीरिक होती आणि माणसे ती सोसत. खरी अडचण अशी की, कागद असो वा ओली काच, दोन्ही केवळ निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत, तांबडा रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. रत्नदुर्ग आणि जयगड यांच्या बांधकामात जांभा आहे, आणि जांभा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडांमुळे तांबडा झालेला, भोकाभोकांचा दगड. अशा काचेवर जांभ्याची भिंत काळी ठिक्कर उमटणार, तिच्यावरची वेल आणि शेवाळही काळेच, आणि मागचे निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे. दगडाच्या अंगावरची छिद्रे, सांधे आणि पाण्याच्या ओघळांच्या खुणा, म्हणजे ज्यांमुळे जांभ्याचा तट जिवंत वाटतो ते सारे, त्या काळोखात बुडून जाई.

हर्मान फोगेल यांनी 1873 मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्या रंगाची जाण आणली आणि 1906 च्या सुमारास सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, काचा बाजारात आल्या. भिंगापुढे पिवळी किंवा तांबडी काच धरली की आकाश गडद होते आणि तांबडा दगड उजळतो, ही युक्ती त्यानंतरच शक्य झाली. जांभ्याचे किल्ले कृष्णधवल चित्रात खऱ्या अर्थाने उतरू लागले ते विसाव्या शतकात, आणि या दृष्टीने कोकणच्या दुर्गांचे छायाचित्रण सह्याद्रीच्या काळ्या कातळातल्या गडांच्या छायाचित्रणाहून धाकटे मानावे लागते.

साधन तयार झाले तरी विषय सुचावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांची दृष्टी लेणी, मंदिरे, मशिदी आणि थडग्यांवर होती. डोंगरी किल्ला ही त्यांच्या लेखी शिल्पकला नव्हती, तो 1818 नंतर निकामी केलेला लष्करी तळ होता. जेम्स डग्लस यांनी 1883 मध्ये रायगडावरील शिवसमाधीच्या दुरवस्थेविषयी लिहिले, त्यानंतरच्या चळवळीला रत्नागिरीतच जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी बळ दिले आणि 1896 मध्ये रायगडावर उत्सव झाला. तेव्हापासून किल्ला हे यात्रेचे ठिकाण झाले. सर्वेक्षकाने वास्तू मोजण्यासाठी कॅमेरा रोखला होता. यात्रेकरूने तो दर्शनाची आठवण म्हणून रोखला, आणि मराठी हौशी दुर्गछायाचित्रणाला आजही जो भक्तीचा सूर आहे तो या दुसऱ्या घराण्याचा वारसा आहे. या दोन्ही घराण्यांचा संगम गो. नी. दांडेकर यांच्यात दिसतो: त्यांनी गडांविषयी जसे लिहिले तसेच गडांची छायाचित्रेही घेतली, आणि ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या नावाने ती ग्रंथरूपात आली.

त्यांच्या काळातल्या सामान्य भटक्याच्या गळ्यात मात्र अ‍ॅग्फा क्लिक असे. बडोद्यात तयार होणाऱ्या या साध्या कॅमेऱ्यात एका रिळावर बाराच चित्रे निघत, त्यामुळे प्रत्येक चित्राआधी विचार होई. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात भिंगाची पाटी वर सरकवून उंच बुरूज सरळ उभा दाखवता येई. ती सोय क्लिकमध्ये नसल्याने कॅमेरा वर कलवला की बुरूज मागे झुकल्यासारखा दिसे. त्यावर उपाय एकच होता, दूर जाणे किंवा समोरच्या उंचवट्यावर चढणे, आणि या सक्तीमुळे हौशी माणसाला किल्ल्याच्या भोवतालची जमीन कळू लागली. समुद्राकडचा तट पश्चिमेला असल्याने सकाळी सावलीत राहतो आणि उन्हे कलल्यावर उजळतो. माथ्यावरचे ऊन जांभ्याला सपाट करते, तर तिरपे ऊन त्याचे एकेक छिद्र उठावाने दाखवते. असे ज्ञान पुस्तकांतून फारसे आले नाही, ते वाया गेलेल्या रिळांतून आले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर गोपाळ बोधे आणि उद्धव ठाकरे यांच्या हवाई छायाचित्रांनी गडाचा संपूर्ण आकार, म्हणजे तटाची वळणे आणि माचीचा पसारा, प्रथमच सामान्य वाचकासमोर आणला; ठाकरे यांचे ‘महाराष्ट्र देशा’ 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. हेलिकॉप्टरमधून दिसणारे हे दृश्य आता ड्रोनमुळे हौशींच्या आवाक्यात आले आहे. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या रत्नदुर्गाचा बालेकिल्ला, त्यातील भगवतीचे मंदिर आणि पलीकडच्या टेकडीवरचे दीपगृह ही रचना वरून क्षणात उलगडते. मात्र 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडलेले असून रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे, तेव्हा नकाशा पाहिल्याशिवाय येथे ड्रोन उडवणे योग्य नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील सुवर्णदुर्ग आहे; रत्नदुर्ग आणि जयगड नाहीत. यादीतल्या गडांची नोंद तज्ज्ञ ठेवतील, पण इतरांच्या ढासळत्या चिऱ्यांची नोंद पुष्कळशी हौशींच्याच चित्रांत राहणार आहे. त्यासाठी सूर्यास्ताच्या चित्राहून उपयोगी असते ते साधे, दुपारचे, एकाच जागेवरून दरवर्षी घेतलेले चित्र, ज्याच्या मागे तारीख, उभे राहण्याची जागा आणि दिशा लिहिलेली असते. पावसाळ्याआधी एक आणि पावसाळा सरल्यावर एक अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, तर जयगडच्या खंदकाकडच्या भिंतीत कोणत्या सांध्यात झाडाचे मूळ शिरले आणि कोणता चिरा सुटला, हे बोट ठेवून सांगता येते.