मेंढा (लेखा): जंगलाचा हक्क ग्रामसभेच्या हाती

पर्यावरण म्हटले की आपण जयंतीला रोपे लावतो, फोटो काढतो. म्हणून आम्ही गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील या छोट्या गोंड गावाची नोंद देत आहोत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, तरी वाहतूक परवान्याचा अधिकार वनखाते सोडेना. तो ग्रामसभेकडे यायला एप्रिल २०११ उजाडला. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको! मेंढ्यात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. आणि ग्रामसभेत विषय येण्याआधी अभ्यासगटात त्यावर चर्चा होते. असा अभ्यासगट आपल्या किती विहारांत आहे?