पंक्चर, पोलीस बॉक्स आणि टीगन

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेत मनाविरुद्ध सोबती झालेल्यांत टीगन जोवांका सर्वांत प्रसिद्ध. या परंपरेचं मूळ सगळे सांगतात ते असं: २३ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्याच भागात इयन आणि बार्बरा हे शिक्षक एका विद्यार्थिनीच्या काळजीपोटी भंगारवाड्यात शिरतात आणि मालिकेचा नायक डॉक्टर त्यांना सरळ पळवून नेतो. ते घरी पोचतात १९६५ मध्ये.

मला मात्र टीगनची खरी पूर्वज दुसरीच वाटते. १९६६ साली विम्बल्डन कॉमनवर डोडो ही मुलगी अपघाताची खबर द्यायला पोलीस बॉक्समध्ये, म्हणजे पोलिसांना फोन करायच्या रस्त्यावरच्या खोक्यात, धावते, आणि तो निघतो टार्डिस, म्हणजे डॉक्टरचं कालयान. १९८१ च्या ‘लोगोपोलिस’मध्ये टीगनच्या मावशीची गाडी हीथ्रोच्या वाटेवर पंक्चर होते, मदत मागायला टीगन पोलीस बॉक्समध्ये शिरते, पुढे तेच. पंधरा वर्षांच्या अंतराने तेच दार!

गंमत अशी की लंडनच्या खऱ्या पोलीस बॉक्समध्ये लोकांसाठीचा फोन बाहेरच्या छोट्या झडपेमागे असे. आतली जागा पोलिसांची. म्हणजे दोघींनाही आत जायची गरजच नव्हती. शिवाय गस्तीच्या पोलिसांच्या हाती रेडिओ आल्यावर हे बॉक्स रस्त्यांवरून हटू लागले होते. तरी १९८१ च्या कथेत एक खरा बॉक्स हवाच होता, कारण डॉक्टरला त्याची मापं घ्यायची असतात.

पण नुसत्या दारावर सगळं भागत नाही. डोडो यानात खुशाल रमते, टीगन मात्र परत सोडण्यासाठी भांडत राहते. असं का? निर्माते जॉन नेथन-टर्नर यांना ऑस्ट्रेलियन पात्र हवं होतं आणि टीगन साकारणारी जॅनेट फील्डिंग ब्रिस्बेनची. तेव्हा हा सगळा स्वभावाचा तिखटपणा, असं म्हणणारे म्हणोत. मला ते पटत नाही. डोडोला आईवडील नाहीत, आणि ज्या मावशीआजीकडे ती राहते तिला तिची फारशी पर्वा नाही. टीगनची वाट मात्र विमान पाहतंय: हवाई सुंदरी म्हणून तिचा नोकरीचा पहिलाच दिवस. इयन-बार्बराचेही वर्ग तसेच खोळंबलेले. अनिच्छा उपजते ती कुठेतरी वेळेवर पोचायचं असण्यातून.

पुढच्या कथा हेच सिद्ध करतात. १९८२ च्या ‘द व्हिजिटेशन’मध्ये डॉक्टर टीगनला हीथ्रोच्या अचूक जागी उतरवतो, पण साल १६६६! ‘टाइम-फ्लाइट’मध्ये ती खऱ्या हीथ्रोला पोचते आणि तिथेच मागे राहते. १९८३ मध्ये ॲमस्टरडॅमला डॉक्टर पुन्हा भेटतो तेव्हा तिची नोकरी गेलेली असते, आणि मग ती आपणहून यानात चढते. स्वभाव तोच, तोंडही तेच. फक्त गाठायची ड्युटी उरलेली नाही.

१९८४ मध्ये ‘रेझरेक्शन ऑफ द डॅलेक्स’च्या शेवटी ती निघून जाते, तेही कोणी वाट पाहत नसताना. माझा सिद्धान्त तिथे लंगडतो, असं कोणी म्हणेल. मी म्हणतो, ती अनिच्छा नव्हतीच. भोवती पडलेली इतकी प्रेतं पाहून माणूस विटतो, आणि विटायला आधी मनापासून रमलेलं असावं लागतं.